शब्दाला एक बटण

दुकानात असले खेळ मिळत नाहीत असं नाही. चांगले रंगीत खोके मिळतात, आत जाडजूड पुस्तक असतं, नियम आयते लिहिलेले असतात. पण थोरलीला आयतं काही पचतच नाही, त्याला कोण काय करणार! तिने आपला खेळ आपणच केला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कुणी काही करायला गेलं की ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. फासे तीन टाकायचे आणि मधला आकडा धरायचा, तो चार किंवा वर असला तर जमलं. मोठा नाही, लहान नाही, मधला. असं का, तर आईचं म्हणणं मोठा धरावा, धाकट्याचं म्हणणं लहान धरला तर खरी मजा, आणि त्यावरून मायलेकांचं एवढं वाजलं की थोरलीने वैतागून मधला धरला. या खेळातले बहुतेक नियम असेच भांडणातून जन्मले आहेत.

थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. माणसाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक काच घालायची, मग ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "आधीची बरी की ही?" दिवसभर हेच. नियमसुद्धा ती असेच तपासायची. एकच मारामारी आधी जुन्या नियमाने खेळायला लावायची, मग तीच नव्या नियमाने, आणि वर विचारायची, "आधीचा बरा की हा?"

"ताई, मी सकाळपासून त्याच राक्षसाच्या हातून मरतोय," धाकटा कळवळून म्हणायचा. "दोन्ही सारखेच आहेत गं."

"दोन्ही सारखेच" हे उत्तर तिला दुकानात चालायचं नाही आणि घरीही चालायचं नाही. मग धाकटा बिचारा पुन्हा मरायचा.

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की आईच्या शिवणाच्या टेबलावर हा दरबार भरायचा. आई लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची. मशीन एका कडेला सरकवलं की टेबल खेळाचं. खेळात आई तलवारवाली. एरवी सुईत दोरा ओवणारी ही बाई फासे हातात आले की समोर येईल त्याला आडवा करायची, मग तो शत्रू असो नाहीतर पत्ता सांगायला आलेला वाटसरू. धाकटा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो, तो खेळात कुलूपचोर. आणि बाबा सौदागर.

बाबांचं जरा सांगायलाच हवं. जन्मभर त्यांनी लिलाव पुकारले. जुनी कपाटं, भिंतीवरची घड्याळं, कुणाच्या मामाने मागे ठेवलेला पियानो. एकदा तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा माणूस हात वर करायचा, मग तो खाजवायला का वर केलेला असेना, वस्तू त्याच्या गळ्यात! अशा माणसासाठी थोरलीने खास नियम केला होता. बोलून काम काढायचं असेल तर नुसतं "मी पहारेकऱ्याला पटवतो" एवढ्याने भागणार नाही. टेबलावर खरोखर बोलून पटवायचं, आणि तेही वाळूचं घड्याळ रिकामं व्हायच्या आत, मगच फासे टाकायचे. दुसऱ्या कुणाची हा नियम वापरायची छाती नव्हती. बाबा मात्र अर्धी वाळू शिल्लक ठेवून दरवाजे उघडून घ्यायचे आणि उरलेल्या वाळूत पहारेकऱ्याच्या घरची चौकशी करायचे.

मग हिवाळ्यात बाबांना झटका आला. देवाची कृपा म्हणायची, हातपाय वाचले, डोकंही शाबूत राहिलं. शब्द मात्र रुसले. अगदी गेले असं नाही. आत होते, पण हाक मारली की येत नव्हते. आले तर एकेक, थांबत थांबत. वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, "येईल, पण वेळ लागेल. तुम्ही त्यांना बोलतं ठेवा. गप्प बसायची सवय लागली तर मग कठीण."

घरच्यांनी काही कसर ठेवली नाही. बाबा म्हणायचे, "मला... ते..." की आई ताडकन उठायची, "पाणी? आणते." बाबा म्हणायचे, "आज... तो..." की धाकटा, "मॅच? आहे ना, संध्याकाळी." बाबा मान हलवायचे. सगळ्यांना वाटायचं, चला, समजलं एकदाचं.

बाबा टेबलावर परतले तो रविवार थोरली विसरायला तयार आहे, पण विसरता येत नाही. सौदागर नगराच्या वेशीवर उभा, समोर पहारेकरी, वाळू सुरू. बाबांनी तोंड उघडलं. वाळू संपली तेव्हा बाबा "अरे" वर होते. धाकट्याने उगाच चहाचं विचारलं.

पुढच्या रविवारी थोरलीने वाळूचं घड्याळ कुठंतरी हरवल्याचं नाटक केलं. बाबांनी टेबलावर नजर फिरवली, मग तिच्याकडे पाहिलं, आणि कपाळाला अशा आठ्या घातल्या की ही आपली फाशांशी चाळा करत बसली. त्याच्या पुढच्या रविवारी तिने जास्तच शहाणपणा केला. सौदागराला वाटेत एक जादूचा ताईत सापडला. तो गळ्यात घातला की समोरच्याला सगळं आपोआप पटतं, बोलावंच लागत नाही.

"वा! भलताच भारी ताईत आहे," आई म्हणाली.

"बाबा, नशीब काढलंत!" धाकटा म्हणाला.

बाबांनी फासे टेबलावर ठेवले. चेहरा लाल झाला होता. "मला... भीक..." ते म्हणाले आणि अडले.

"भूक?" आई उठलीसुद्धा. "भूक लागली? थांबा, बिस्किटं आणते."

बाबांनी हात झटकला, खुर्ची मागे सारली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रेडिओचा आवाज मोठा झाला. टेबलावर तिघं तोंडात मारल्यासारखी बसून राहिली.

त्यानंतर बाबा खेळायला आले नाहीत. एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ते हळूहळू कुठंच येईनासे झाले. फोन आला की हाताने नाही म्हणायचे. वाचेच्या बाई आल्या की डोळे मिटून पडायचे. जे चारदोन शब्द येत होते तेही कमी झाले, मानेवर काम भागायला लागलं. खेळ गेला खड्ड्यात, पण हा माणूस एकदा टेबलावरून कायमचा उठला तर बोलण्यातूनही उठणार, हे थोरलीला लख्ख दिसत होतं. आणि तिने जिवाचा आटापिटा करून जो जो नियम बदलावा, तो बाबांना आणखी दोन पावलं लांब ढकलत होता.

असं असताना एक दिवस दुकानात एक नवराबायको आले. नवऱ्याचे डोळे तपासायचे होते. तो खुर्चीत, बायको त्याच्या खांद्याशी. थोरलीने काच घातली, बदलली, विचारलं, "आधीची बरी की ही?"

"आधीची," बायको म्हणाली.

"मी... नाही, म्हणजे," नवरा म्हणाला.

"त्यांना आधीचीच बरी वाटतेय. मला माहितीये ना त्यांचं."

आता थोरली काही रागीट नाही, पण त्या दिवशी तिचं टाळकंच सरकलं. "अहो ताई," ती म्हणाली, "काचा त्यांच्या डोळ्यांवर आहेत की तुमच्या? त्यांना सांगू द्या की!" बाई फणकाऱ्याने बाहेर जाऊन बसल्या. नवऱ्याने सावकाश दोन्ही काचांतून पाहिलं आणि म्हणाला, "दुसरी. कितीतरी बरी आहे दुसरी."

थोरली हातात काच घेऊन तशीच उभी राहिली. पाणी! बाबांनी हिवाळ्यापासून घरातलं अर्धं पाणी पिऊन संपवलं होतं. त्यातलं मागितलं किती होतं? एक तरी वाक्य त्या माणसाला आपण पुरं करू दिलं का? आणि मी काय करत बसले? बाबांच्या डोळ्यांवर काचा बदलत बसले! अगं बावळट, काच बदलायची ती आपल्या डोळ्यांवरची.

त्या संध्याकाळीच नियम तयार झाला. साधा, सरळ, दुष्ट. प्रत्येकाला एक कप भरून बटणं. आईकडे बटणांना काय तोटा! डाव चालू असताना तोंडातून शब्द निघाला की एक बटण डब्यात. तलवारवाली बोलो नाहीतर आई बोलो, राजाशी बोला नाहीतर चहा मागा, शब्दाला एक बटण. शिंक फुकट, शिंकल्यावर "आई गं" म्हटलं तर दोन. बटणं संपली की तोंडाला कुलूप. सूट फक्त सूत्रधाराला, कारण गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

रविवारी ती सरळ बाबांच्या खोलीत गेली आणि रेडिओ बंद केला.

"बाबा, नवा नियम केलाय. त्यात कुठंतरी भोक असणार, मला सापडत नाहीये. तुम्ही खेळू नका. नुसते बसा आणि मोडून दाखवा."

नियमातलं भोक म्हणजे बाबांचा जुना जिव्हाळ्याचा विषय. त्यांनी नियम ऐकला, सगळा ऐकला. मग तिच्याकडे रोखून पाहिलं. "माझ्या... साठी?"

"नाही," थोरली म्हणाली. "आईसाठी. फार बोलते ती."

"मी?" बाहेरून आवाज आला. "मी फार बोलते? अगं, या घरात मला एक शब्द बोलायची सोय आहे का? सकाळी उठल्यापासून मी आपली मुकाट्याने..." आणि ते मुकाट्याने बरंच लांबलं. बाबांनी दाराकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. मिशी हलली. उठले.

डाव सुरू झाला. कड्यावरचं नगर, जमिनीखालचा खजिना, आत उतरायला एक लोखंडी दार.

"थांबा थांबा," आई म्हणाली, "आधी मला सांगा, हे दार आत उघडतं की बाहेर, कारण मागच्या खेपेला..."

थोरली शांतपणे आईच्या कपातली बटणं डब्यात टाकत होती.

"आई, अगं बटणं!" धाकटा ओरडला.

"तुझी तीन," थोरली म्हणाली.

"हा अन्याय आहे ताई, मी फक्त तिला सावध करत होतो, याला काही अर्थ..."

डब्यात नुसता खळखळाट. बाबा खुर्चीत मागे टेकून भोक शोधत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी दोन बटणं मोजून पुढे सरकवली. "हातवारे... फुकट?"

"फुकट."

बाबांनी समाधानाने मान हलवली. त्यानंतर सौदागराने बोटाने दार दाखवलं, खांदे उडवले, भुवया चढवल्या, आणि अगदीच नड पडली तेव्हा तेवढा एक शब्द मोजला. "मागून." "दोरी." "खोटं." तारेतल्या मजकुरासारखे मोजके शब्द, पण प्रत्येक कामाचा. बाकीच्या दोघांची मात्र खजिन्याच्या पहिल्या पायरीवरच दिवाळखोरी जाहीर झाली.

आणि मग जे झालं ते या घरातच होऊ शकतं. तलवारवालीला फरशीतला सापळा दिसला. आईकडे बटण नाही. ती उठून हातांनी सांगायला लागली. खाली दाखवलं, उड्या मारल्या, गळ्यावरून बोट फिरवलं. धाकट्याला वाटलं, पुढे मेजवानी आहे, नाचगाणं आहे आणि कोंबडी कापली आहे. तो खुशीत पुढे निघाला. त्याला ओढायला आई धावली आणि फरशी तिच्याच पायाखालून गेली. वर आली ती कोतवालाच्या जाळ्यात.

"हिने आमचे निम्मे शिपाई कापले," थोरली कोतवालाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हिला नगराबाहेर कड्यावरून ढकलण्यात येईल. हिच्या बाजूने बोलणारा कुणी आहे?"

हे तिने काही ठरवून आणलं नव्हतं, खरंच नव्हतं. धाकट्याने आपला कप उलटा करून दाखवला. आईने कपात डोकावून पाहिलं. बाबांचा कप जवळजवळ भरलेला होता.

बाबा सरसावून बसले. भोकबीक विसरले. "ही... बाई..." दोन बटणं. "फार..." तिसरं बटण. आणि अडले.

छताकडे बघत राहिले. उजव्या हाताची बोटं चोळायला लागले, जणू शब्द चिमटीत आहे आणि सुटत नाहीये. आईचे ओठ हलले. "शूर" म्हणत होती, आवाज न काढता. धाकटा दंडाची बेटकुळी काढून दाखवत होता. सगळ्यांत जास्त हाल थोरलीचे, कारण तिला बोलायची मुभा होती. "चांगली" हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. किती सोपं होतं! एक शब्द द्यायचा, बाबांची सुटका करायची, आपलीही. तिने जीभ दाताखाली धरली. धाकट्याने हात खाली घेतले. आईने दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबून धरलं. सगळी थांबली, आणि थांबूनच राहिली.

"...भांडखोर... आहे," बाबा म्हणाले.

आईचे डोळे एवढे मोठे झाले! पण बटण कुठंय?

"लिलावात... आली... होती." बटणं एकेक करून पुढे सरकत होती. "खुर्ची... बघायला. मी... बोली... चढवली. ही... भांडली. मी... उतरवली. ही... आणखी... भांडली." बाबा थांबले. या वेळी कुणी बेटकुळी काढली नाही, कुणाचे ओठ हलले नाहीत. "खुर्ची... घेतलीच... नाही. मला... घेऊन... गेली."

धाकट्याने तोंड फिरवलं. आई हसत होती की रडत होती ते हातांच्या आड कळत नव्हतं.

"सगळ्यांना... फसवलं... मी," बाबा कोतवालाला म्हणाले. "हिला... फसवणं... नाही... जमलं. सोडा... तिला."

थोरलीला भरून आलं आणि लाजही वाटली. शूर नाही, चांगली नाही, भांडखोर! इतके महिने त्यांच्या तोंडात आपण आपलेच शब्द कोंबत होतो, गुळगुळीत, बेचव, आणि आत हा माणूस जसाच्या तसा बसून होता. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "कोतवालाने तिला सोड..."

"फासे," बाबा म्हणाले. बटण ठेवलं. "टाक." आणखी एक ठेवलं.

बरोबरच होतं. नियम तो नियम. थोरलीने तीन फासे टाकले. एक, दोन, सहा. मधला दोन. फसलं!

"कोतवाल म्हणतो, नाही सोडणार," ती चाचरत म्हणाली.

"काय?" बाबांनी टेबलावर थाप मारली. "हा... कोतवाल... गाढव... आहे! फासा... घरंगळला! मी... पाहिला! फटीत... अडकला... होता... तो!" बटणं आता मोजून नाही, मुठीने डब्यात जात होती. कपाचा तळ दिसला. बाबांचं लक्षच नव्हतं. "पुन्हा... टाक! वरच्या... राजाला... बोलाव! असला... न्याय... असतो... का? मी... जन्मभर..."

आई टेबल बडवत होती, कप पुढे करत होती, रिकाम्या कपाकडे बोट दाखवत होती. तिच्या बाजूने बोलणं चाललं होतं, तरी तिला नियम मोडलेला खपेना. धाकटा हसून हसून खुर्चीत वाकडा झाला होता. थोरलीने वाट पाहिली, आणखी थोडी पाहिली. बाबा काही थांबायचं नाव घेईनात. शेवटी सूत्रधाराला आपलं काम करावंच लागलं.

"बाबा," ती जोरात म्हणाली, "बटणं संपलीत तुमची. आता गप्प बसा!"

हिवाळ्यापासून त्या घरात बाबांना असं कुणी म्हटलं नव्हतं. बाबांनी आपल्या कपाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. मग ते गप्प बसले, पण कसे, तर मोठा लिलाव मारून घरी आलेल्या माणसासारखे, हातावर हात चोळत, भलतेच खूश.